चोरट्या वाऱ्याशी वैर

बाई कुणाच्या घरी गेल्या की पुढे आलेल्या तांब्यातून आधी चार थेंब हातावर घ्यायच्या आणि थेट खिडकीकडे जायच्या. ओल्या हाताची पाठ चौकटीवरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवायच्या, डोळे अर्धवट मिटून, वैद्याने नाडी बघावी तशा. मध्येच हात थबकायचा. "इथं आहे," असं म्हणायच्या. घरची माणसं दचकून उठायची. कुणाला वाटायचं साप, कुणाला वाटायचं पुरलेलं धन.

"काय आहे, बाई?"

"फट."

मग खाली बसून उरलेलं पाणी प्यायच्या.

एकदा भाच्यासाठी मुलगी बघायला त्या जळगावला निघाल्या आणि सोबतीला मला घेतलं. एस.टी.त बसल्याबरोबर खिडकीची काच खडखडायला लागली. बाईंनी दोघींची तिकिटं घडी घालून काचेच्या खोबणीत दाबून बसवली. खडखड थांबली, वारा थांबला. पारोळ्याच्या पुढे तिकीट तपासनीस चढला. बाईंनी तिकिटं उपसून त्याच्या हातात ठेवली, आणि काच पुन्हा बोंबलायला लागली. "बघा पटकन आणि द्या परत," बाई म्हणाल्या, "तिकडं वारं आत शिरतंय." त्या बिचाऱ्याने इतक्या घाईने तिकिटं तपासून परत केलेली मी दुसऱ्यांदा कधी बघितली नाहीत.

मुलीच्या घरी पोहे आले, मुलगी आली, आणि बाई तिच्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या. परस्पर तिथं आलेला भाचा मान खाली घालून पोह्यातले दाणे बघत होता. शेवटी बाई वळल्या आणि त्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला.

"हिवाळ्यात या बिजागरीकडून वारं येत असेल. तेव्हा तू काय करतेस?"

मुलगी गोंधळली नाही. म्हणाली, "धोतराची चिंधी कोंबते."

"कोरडीच?"

"नाही. मेण चोळून. कोरडी चिंधी दमट होते."

बाई भाच्याकडे वळल्या. "वर बघ. मुलगी पसंत आहे."

ते लग्न झालं, चांगलं झालं, आणि त्या सुनेने बाईंचं म्हातारपण सांभाळलं. पण ते खूप पुढचं.

मी पहूरची. नर्सिंगचं शिक्षण पुरं करून धुळ्याच्या एका धर्मादाय प्रसूतिगृहात लागले, ती सत्तर सालाच्या आगेमागेची गोष्ट. बाई तिथल्या मुख्य परिचारिका. आम्ही त्यांना बाई म्हणत असू आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका अक्का म्हणत. बुटक्या, काटक, पन्नाशीच्या; पांढरं पातळ, त्याला निळीचा हलका हात, आणि कमरेला किल्ल्यांबरोबर एक कापडी पिशवी. नव्या मुलींना वाटायचं, पिशवीत सुया-औषधं असतील. तिच्यात मेणबत्तीचा तुकडा, खडू, जवसाच्या तेलाची बाटली, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, चपलेला ठोकतात तशा बारीक चुका आणि कापसाचा एक पुंजका असायचा. बोलणं शहरी. मात्र चिडल्या की चाळीसगावाकडचं माहेर जिभेवर यायचं, आणि बाई अहिराणीतून कडाडायच्या.

प्रसूतिगृहाची इमारत साहेबाच्या काळातली. माणसाच्या दीडपट उंचीच्या सागवानी खिडक्या, प्रत्येकीला दोन दारं, दारांत चौकोनी काचा. बघायला राजेशाही. पण खानदेशातला उन्हाळा लाकडाला सोडत नाही. वर्षानुवर्षं तापून चौकटी आक्रसल्या होत्या, दारं वेडीवाकडी झाली होती, काचांभोवतालची लांबी, म्हणजे काच पक्की बसवायला भरतात तो लगदा, वाळून गळून पडली होती. मे महिन्यात त्याच फटींतून धूळ यायची आणि पाळण्यांवर बसायची. आणि पौषात सातपुड्याकडून उत्तरेचा वारा सुटला की खिडक्या रात्रंदिवस शीळ घालायच्या.

उत्तरेच्याच अंगाला सहा खिडक्यांची एक खोली होती. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची मुलं तिथं ठेवत. बाई तिला कोवळी खोली म्हणत. ऊब राहावी म्हणून तिथं कोळशाची शेगडी पेटवायची पद्धत होती. शेगडीची ऊब एका फटीतून बाहेर, धूर खोलीत, आणि दुसऱ्या फटीतून गारठा आत. हिवाळ्यात त्या खोलीतून पाळणे रिकामे व्हायचे. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे. आयांना घरी न्यायला बैलगाडी आली की आम्ही दुसरीकडे बघत असू.

बाई बोलल्या, एकदाच. आम्ही दोघी मागच्या ओट्यावर खडूची पूड जवसाच्या तेलात मळत होतो. ती मळायला कणकेपेक्षा जड. मी विचारलं, "बाई, हे वेड तुम्हाला लागलं कुठून?"

त्या मळत राहिल्या. म्हणाल्या, "पहिल्या नोकरीत होते. एक पोर होतं, खिडकीखालच्या पाळण्यात. दूध वेळेवर, औषध वेळेवर, सगळं नीट. सकाळी हात लावला तर दुपटं एका बाजूने उबदार आणि दुसऱ्या बाजूने गार. त्या गार बाजूने हात वर नेत गेले. चौकटीशी आगपेटीची काडी मावेल एवढी फट." गोळा पालथा करून त्या म्हणाल्या, "काडी मावेल एवढी. त्यातून एक अख्खं पोर गेलं."

मग त्यांनी गोळा माझ्या हातात दिला. "अजून मऊ हवा. मळ."

आमचे डॉक्टर शिस्तीचे आणि मनाने चांगले, पण त्यांचाही एक देव होता: खेळती हवा. विद्यार्थिदशेत कुणीतरी त्यांच्या डोक्यात ते घट्ट बसवलेलं. फट बुजवायची म्हटलं की ते लाल व्हायचे.

"बाई, मुलं गुदमरतील. आणि तुम्ही परिचारिका आहात, सुतार नाही."

"सुतार आला असता तर मला व्हावं लागलं नसतं, डॉक्टर."

"पण हवा नको का यायला?"

"येऊ दे ना. दार उघडून, आपण बोलावू तेव्हा येईल ती हवा पाहुणी. तिचा मान करू. फटीतून येते ती चोर."

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षातच एका आठवड्यात दोन पाळणे रिकामे झाले. विश्वस्तांची बैठक बसली. ठरलं असं की जुन्या खिडक्या काढून लोखंडी बसवायच्या. कामाला पुढचा पावसाळा उजाडेल. तोवर कोवळी खोली बंद. कमी वजनाचं मूल जन्मलं तर मोटारीत घालून नाशिकला पाठवायचं.

डॉक्टरांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा बाई सरळ त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे, दाराशी.

"नाशिक किती तासांवर आहे, डॉक्टर?"

तीन पौंडांचं पोर घाटरस्त्याने मोटारीतून नेणं म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"खिडक्या बदलायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "ते सागवान आहे. आळसावलंय, मेलं नाही. मला आठ दिवस द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. खोलीच्या भिंतीवर तापमापक होता. मुलांना किती ऊब लागते ते बघून बाईंनी त्याच्यावर पूर्वीच तांबड्या पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, "ठीक. आठव्या दिवशी सूर्य उगवायच्या आत मी स्वतः येईन. पारा तुमच्या तांबड्या रेघेखाली असला तर खोलीला कुलूप. आणि शेगडी पेटवून पारा चढवायचा नाही."

"शेगडी मीच बाहेर काढणार आहे," बाई म्हणाल्या. "फटी बुजल्यावर तिचा धूर जाणार कुठं?"

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढा विचार त्यांनीही केला नव्हता.

बाहेर पडताच बाई गरजल्या, "बठ्ठं बुजाडा!", म्हणजे सगळं बुजवा, आणि आम्ही चार परिचारिका, वॉर्डात कामाला असलेल्या दोन आया अशी पलटण कामाला लागली. ड्युटी संपली की घरी जायच्या ऐवजी कोवळ्या खोलीत.

पहिल्या दिवशी फक्त शोध. बाई उदबत्तीचा धूर घेऊन चौकटींपाशी फिरत आणि धूर वाकडा झाला की मी खडूने फुली मारी. संध्याकाळपर्यंत सहा खिडक्या फुल्याफुल्यांच्या झाल्या. मग काचा. जुनी लांबी पोखरून काढायची, मळलेला गोळा अंगठ्याने कडेकडेने दाबत न्यायचा. अंगठ्यांना फोड आले. "जास्त दाबू नकोस," बाई म्हणायच्या, "काच आहे, नवरा नाही." मग दारांच्या कडा. सायकलवाल्यांकडून आणलेल्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्या बारीक चुकांनी कडेला ठोकल्या. दार लागलं की पट्टी दबायची आणि फट मिटायची. खाली लोंबलेल्या दाराच्या बिजागरीखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून बाईंनी ते असं उचललं की दार पहिल्यांदाच कुरकुर न करता लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटी मात्र बोट जाईल एवढ्या होत्या. तिथं कापूस हवा होता, आणि भरपूर.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पिंजारी बायकोला घेऊन आला. मूळचा साक्रीकडचा मुसलमान, धुळ्यातच गाद्या भरायचं काम, बोलायचा अहिराणी. बायकोला सातवा सरून आठवा लागला होता आणि कळा सुरू झालेल्या. संध्याकाळच्या आत ती मोकळी झाली. मुलगी. वजन साडेतीन पौंडांहून कमी. रडली ती मांजराच्या पिल्लासारखी.

डॉक्टर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मोटार सांगू?"

"आठ दिवस दिलेत तुम्ही," बाई म्हणाल्या. "त्यातले सहा उरलेत." आणि मुलीला आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरूण घातलं. "हीच तुमची पहिली शेगडी. हिला धूर नाही."

पिंजारी व्हरांड्यात उभा होता. "मनी पोर जगी ना, अक्का?"

"तुझ्याकडे कापूस आहे?"

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. बाईंनी त्याला आत नेऊन फटी दाखवल्या. त्याने बोट घालून बघितलं, बोटाला वारा लागला, आणि तो समजला. "मना घरमा दुसरं काही नई, अक्का. कापूस शे. बठ्ठा लई जा."

तासाभरात तो कापूस आणि धनुष्यासारखं तारेचं पिंजण घेऊन आला. मागच्या अंगणात बसून त्याने कापूस पिंजायला सुरुवात केली. ती तार अशी घुमायची की वॉर्डातल्या बायका आपापल्या खाटांवरून ऐकत राहायच्या. बाई आणि तो, दोघांचं एकदम जमलं. फटीत कापूस किती ठासायचा यावर त्यांचा वाद व्हायचा. बाई म्हणायच्या गच्च. तो म्हणायचा, "नई अक्का, गच्च भरा ते गारच ऱ्हास. फुलेल पाहिजे. फुलेल कापूसच ऊब धरस." बाईंनी गच्च आणि फुललेला, दोन्ही तऱ्हेने भरून, हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "तुझं खरं." बाईंच्या तोंडून मी हे शब्द तोवर ऐकले नव्हते. खिडकीच्या बुडाशी ठेवायला त्याने कापसाच्या लांबलचक गुंडाळ्या शिवल्या. बाईंनी त्यांचं नाव ठेवलं अजगर. "सगळे अजगर जागेवर आहेत का?" असं त्या ओरडल्या की नव्याने आलेली बाळंतीण खाटेवर पाय वर घ्यायची.

एवढं झालं तरी तिसऱ्या दिवशी पहाटे पारा रेघेच्या जेमतेम वर होता. काच स्वतःच गार, असं बाईंचं म्हणणं. काचेच्या अलीकडे आणखी एक पडदा हवा, पण उजेड अडवणार नाही असा. दोन्हींच्या मध्ये हवा कोंडली की ती गोधडीचं काम करते. मग कुठल्याशा दवाखान्यातून त्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मा घेऊन आल्या. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा यांत भिजवून त्यांच्यावरची हाडं घासून काढली, पारदर्शक पत्रे शिल्लक राहिले. ते एकमेकांना चिकटवून, बांबूच्या कामट्यांच्या चौकटींवर ताणून सहाही खिडक्यांना बसवले. पारा चढला. आम्ही खुश.

चौथ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी आत गेले. आई डोळे मिटून पडली होती. मी पांघरूण बाजूला करून मुलीचं तोंड बघितलं. ओठ निळे. नखं निळी. मी तिला उचललं आणि ओरडत व्हरांड्यात धावले. समोरून डॉक्टर येत होते. त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं, उन्हात धरलं.

मुलगी गाजरासारखी तांबूस होती. चक्क जांभई देत होती.

डॉक्टर तिला खोलीत घेऊन गेले. आत ती पुन्हा निळी. मग त्यांनी स्वतःचा हात बघितला, तोही निळा. एक्स-रेच्या फिल्मेला अंगचाच निळा रंग असतो, आणि खोलीतला सगळा उजेड तिच्यातून गाळून येत होता.

"बाई!" डॉक्टरांचा आवाज खोलीभर झाला. "उद्या पोर खरंच निळं पडलं तर आपल्याला कळणार कसं?"

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टर बरोबर बोलतायत. चूक माझी. काढा सगळे." आणि पहिली चौकट त्यांनीच उतरवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पारा तांबड्या रेघेला टेकला. मुलगी दूध ओढेना. मी कापसाच्या बोळ्याने थेंबथेंब पाजत होते आणि आई माझ्या हाताकडे बघत होती. नाशिकची मोटार हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण तो खोलीत होता.

बाई स्वयंपाकघरात गेल्या. सर्वांत मोठ्या पातेल्यात तांदळाची दाट कांजी चढवली. मग आपल्या खोलीतून पांढऱ्या कापडाचं गाठोडं आणलं. ते कापड कांजीत बुडवलं, पिळलं, आणि त्याच कामट्यांच्या चौकटींवर आम्ही चौघींनी चारी बाजूंनी ओढून ताणलं. पिंजाऱ्याने कडा शिवल्या. उन्हात वाळल्यावर कापड असं तडतडीत झालं की बोट मारलं तर ढोलकी वाजावी. कांजीने विणीतली छिद्रं बुजली होती. बाईंनी कापडाच्या पलीकडे मेणबत्ती धरली आणि मला अलीकडून फुंकर मारायला सांगितली. मी गाल फुगवून फुंकलं. ज्योत हललीसुद्धा नाही.

चौकटी बसल्या आणि खोलीत उजेड आला तो दुधासारखा. त्या उजेडात मुलीचे ओठ जसे होते तसे दिसले. डॉक्टर दारातून बघून गेले.

दुपारी ऊन तापलं की बाई मुलांना आयांसकट शेजारच्या खोलीत हलवायच्या, समोरासमोरची दारं सताड उघडायच्या आणि म्हणायच्या, "या, पाहुणे." खोली ताज्या हवेने भरली की सगळं पुन्हा बंद. चुलीत तापवलेल्या विटा घोंगडीच्या तुकड्यांत गुंडाळून पाळण्यांच्या पायथ्याशी ठेवायच्या. पूर्वी त्या विटा बघता बघता गार व्हायच्या. आता संध्याकाळची वीट पहाटेही कोमट लागायची. सहाव्या दिवशी मुलीने आपणहून दूध ओढलं. तिच्या आईने माझा हात धरून ठेवला.

आणि सातव्या दिवशी थंडी अशी कोसळली की शेतांवरून येणारे लोक केळीची पानं करपली म्हणून सांगायला लागले. दूधवाला हात काखेत घालून आला. नळाचं पाणी बोटांना चावायचं. बाई जणू ठरवूनच शांत होत्या. त्यांच्या अंगावरचं पातळ मला दमट वाटलं. "बाई, ओलं नेसलात?"

"वाळलं नाही," त्या म्हणाल्या. "दोनच आहेत."

मी खिडकीकडे बघितलं. तिसऱ्या चौकटीच्या कोपऱ्यात कापडाला एक रफू होता. तो रफू मीच केला होता, दिवाळीच्या आधी, बाईंच्या पातळाला. त्यांच्याकडे पाच पातळं होती. त्यातली तीन या सहा खिडक्यांना लागली होती.

मी काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अजगर बघ जा."

आठव्या दिवशी फटफटायच्या आधी डॉक्टर आले. ओव्हरकोट, कानांवर मफलर, नाक लाल. आम्ही सगळ्या रांगेत उभ्या. पिंजारी व्हरांड्याच्या कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेला. डॉक्टर आत शिरले आणि दोन पावलांवर थांबले. त्यांनी मफलर सोडला. मग तापमापकापाशी जाऊन चष्मा वर-खाली करत बघितलं.

पारा तांबड्या रेघेच्या दोन घरं वर होता.

"शेगडी?"

"कोठीत आहे. राख बघा, गेल्या आठवड्याची."

"मेणबत्ती द्या," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी पिशवीतून तुकडा काढून पेटवून दिला. डॉक्टर पहिल्या खिडकीशी गेले, ज्योत चौकटीजवळ धरली आणि वरपासून खालपर्यंत फिरवली. ज्योत सरळ. दुसरी खिडकी. सरळ. तिसरी, चौथी, पाचवी. बाहेर वारा आंब्याच्या झाडाला धरून हलवत होता, त्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, आणि आत ज्योत पाठीचा कणा ताठ करून उभी. सहाव्या खिडकीशी ती एकदम विझली.

मी बाईंकडे बघितलं.

डॉक्टरांना शिंक आली होती.

"हा वारा खिडकीचा नाही, डॉक्टर," बाई म्हणाल्या.

आधी एक आया फुसकन हसली, मग आम्ही सगळ्या, मग खाटेवरून पिंजाऱ्याची बायको, आणि शेवटी स्वतः डॉक्टर, मफलर तोंडावर धरून. हसण्याने मुलगी जागी झाली आणि रडली. या वेळी मांजराच्या पिल्लासारखी नाही. चांगली खणखणीत. व्हरांड्यातून पिंजारी धावत दारापर्यंत आला.

"अक्का! ती मनी का?"

"तुझीच," बाई म्हणाल्या. "आता झोपू देईल का कुणाला?"

खोली बंद झाली नाही. त्याच आठवड्यात डॉक्टर विश्वस्तांना घेऊन आले आणि मेणबत्ती हातात घेऊन त्यांनीच सहाही खिडक्यांचं प्रात्यक्षिक दिलं, शिंक सोडून. 'कोंडलेली हवा', 'पाहुणी हवा' असे शब्द त्यांच्या तोंडी ऐकून आम्ही एकमेकींना कोपराने ढोसत होतो. लोखंडी खिडक्यांचा बेत मोडला. उरलेल्या वॉर्डांच्या खिडक्या सुताराकडून बाईंच्या देखरेखीखाली तशाच करून घ्यायचं ठरलं. सुताराला बाईंनी तीन वेळा रडवलं. विश्वस्तांपैकी एक मारवाडी शेठजी जाताना दबकत म्हणाले, "बाईजी, आमच्या कोठीतही थोडं बघाल का? आईसाहेबांचे गुडघे फार दुखतात." बाई त्याच संध्याकाळी गेल्या. आणि शेठजींच्या आईने दुसऱ्या दिवशी पांढरी कोरी तीन पातळं पाठवली. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. बहुतेक.

पौष गेला, माघ गेला. कोवळ्या खोलीत मुलं येत राहिली, वजनं वाढवून घरी जात राहिली. पिंजाऱ्याची मुलगीही गेली. मात्र वजन करायला तिची आई दर आठवड्याला तिला आणायची आणि कारण नसताना कोवळ्या खोलीत बसून जायची. मी तर रोज मनात पाळणे मोजत होते, पण आकडा उच्चारत नव्हते, दृष्ट लागेल म्हणून. आम्ही सगळ्याच तसं मनात मोजत होतो, हे मला मागाहून कळलं.

होळी जळाली, थंडी पळाली. धुळवडीच्या दिवशी सकाळी बाईंनी आम्हाला बोलावलं. कांजीच्या चौकटी एकेक करून उतरवल्या, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. अजगर उन्हात पसरले. मग बाई पहिल्या खिडकीशी गेल्या, कडी काढली आणि दोन्ही हातांनी दारं बाहेर लोटली. दुसरी. तिसरी. सहाही सताड उघडल्या. फाल्गुनाचा कोमट वारा आंब्याच्या मोहोराचा वास घेऊन खोलीत घुसला, दुपट्यांचे काठ उडाले, आणि पाळण्यांतली सगळी मुलं दचकून एकदम रडायला लागली. पिंजाऱ्याची मुलगी आईच्या मांडीवर होती, तिनेही सूर धरला. खोली नुसती दुमदुमली.

आवाज ऐकून डॉक्टर नळी गळ्यात तशीच लोंबकळत असताना धावत आले. "काय झालं? काय झालं, बाई?"

बाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. पदर वाऱ्यावर सुटलेला, तो सावरायचंही भान नव्हतं.

"काही नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "सगळी आहेत."